कोपरगावची बिनसाखरेची

खोली बघायला गेले तेव्हा घरमालक काकांनी मला गाव विचारलं नाही, लग्नाचं विचारलं नाही, की शाळेचा पगार वेळेवर होतो का तेही विचारलं नाही. "चहात साखर किती?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, दोन चमचे. त्यांनी असं तोंड केलं, जणू मी खोलीत म्हैस बांधायची परवानगी मागितली होती. आतून काकू ओरडल्या, "अवो, भाडेकरू बघताय का ऊस बघताय? द्या की किल्ली त्या पोरीला!" तेव्हा कुठे किल्ली मिळाली.

मी मूळची नगरची. कोपरगावच्या शाळेत मराठी शिकवायला लागले आणि तीन वर्षं या दोघांच्या माडीवरच्या खोलीत राहिले. काका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये पस्तीस वर्षं केमिस्ट होते आणि तिथूनच निवृत्त झाले. गाव त्यांना तोंडावर केमिस्टसाहेब म्हणायचं. पाठीमागे काय म्हणायचं ते मराठीच्या बाईने लिहिणं बरं नाही. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे दोघांना ओरडायला एकमेकांशिवाय कोणी नव्हतं, आणि मी आल्यावर दोघांचीही चांगली सोय झाली.

आमच्याकडे ऊस नुसता शेतात नसतो. तो रस्त्यावर ट्रॉलीतून सांडलेला असतो, पोरांच्या दप्तरात असतो, आणि गाळप सुरू झालं की मळीचा वास वर्गात फळ्यापर्यंत येतो. दिवाळीला सभासदांना कारखान्याची सवलतीची साखर मिळते, ती घरोघरी डब्यांत, पिंपात, पलंगाखाली. अशा गावात हा माणूस कोरा, बिनसाखरेचा चहा प्यायचा. मधुमेह वगैरे काही नव्हता.

"बाई, पस्तीस वर्षं साखर माझ्या पापण्यांवर बसली," ते मला सांगायचे. "ओठ चाटला तरी गोड. माझ्या घामाला मुंग्या लागायच्या. आता बास."

"काय ऐकतीस त्यांचं," काकू आतून म्हणायच्या. "मुंग्या खिशातल्या पेढ्याला लागल्या हुत्या."

काकांचं एक ठरलेलं वाक्य होतं. गोड काय, कोणीही करतं. साखर काढून घेतल्यावर काय उरतं ते बघायचं. हे ते माणसांनाही लावायचे. कोणी पुढारी दारावरून हात जोडत गेला की काका जिन्यात उभे राहून हळूच म्हणायचे, "यातली साखर काढा बघू. काय उरतं? पांढरा सदरा." माझ्याबद्दल त्यांचं मत जरा बरं होतं. "बाई, तुमच्यात आंबटपणा चांगला हाय. टिकाल." एका स्थळाकडच्या लोकांनी मला नाकारलं होतं त्याच आठवड्यात ते हे म्हणाले, आणि खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

तर अशा या माणसाने, चारी बाजूंनी ऊस उभा असताना, कॅनॉलच्या कडेच्या आपल्या दोन एकरांत द्राक्षं लावली. तीही खायची नाहीत. शेनिन ब्लां नावाची जात, पांढऱ्या वाईनची. बारीक मणी, जाड साल, आत बिया, घड मुठीसारखा आवळलेला. एकदा मी शाळेत डब्यातून नेली तर सहकारी बाईंनी दोन मणी खाल्ले आणि मला विचारलं, "भांडण झालंय का आपलं?"

वर नाशिकच्या बाजूला एक वायनरी आहे, तिकडे ही द्राक्षं दरवर्षी टेम्पोने जायची. तिथे वीस गावच्या द्राक्षांबरोबर एका मोठ्या टाकीत पडायची. बाटली बाहेर यायची ती नाशिकच्या नावाने. हे काकांच्या काळजात सलायचं. दुसऱ्या कुणाला प्लॉट मिळाला नाही, प्रमोशन मिळालं नाही म्हणून जसं सलतं, तसं यांना बाटलीवर कोपरगाव नाही म्हणून सलायचं.

"गोदावरी नाशिकहून निघते, मान्य," ते म्हणायचे. "पण येते कुठं? आपल्याकडंच येते ना? पाणी तेच. दिवसाचं ऊन तेच, रातचा गारवा तोच. पाणी धरणात अडवतात ते अडवतात, आता नावबी वरच अडवायला लागले!"

त्यांना एकच गोष्ट हवी होती. पांढरी वाईन, फिक्या गवताच्या रंगाची, जिच्यात साखरेचा कण उरलेला नाही, आणि जिच्या बाटलीवर कोपरगाव लिहिलेलं आहे. तिला लोक ड्राय म्हणतात. काका 'बिनसाखरेची' म्हणायचे. साखरेच्या गावाचं नाव बिनसाखरेच्या बाटलीवर! गावातल्या कोणालाही हे सांगितलं तर तो आधी हसायचा आणि मग काकूंकडे बघून हळहळायचा.

वायनरीत वाईन करणाऱ्या एक मॅडम होत्या, निफाडकडच्या शेतकऱ्याची मुलगी, परदेशात शिकून आलेली. काकांनी त्यांना इतके फोन केले, इतके फोन केले, की शेवटी त्या म्हणाल्या, "काका, तुमच्या एकट्याच्या द्राक्षांची कशी होते ते मला चाखवा. पटली तर पुढच्या हंगामात वेगळी टाकी देते. मग नावाचं बघू."

झालं. घराची लॅब झाली.

आधी कायदा. घरी वाईन करायला परवानगी लागते की काय, म्हणून काकांनी संबंधित कार्यालयाला तीन पानी अर्ज केला: प्रयोगापुरत्या बारा बाटल्या, विक्री नाही. अर्जाची शिक्क्याची पोच मिळाली; उत्तर कधीच मिळालं नाही. काकांनी ती पोच फ्रेम करून बैठकीच्या खोलीत लावली. "हरकत असती तर कळवलं असतं," ते म्हणाले. हे कायद्यात बसतं की नाही मला आजही माहीत नाही, आणि कुणी सांगूही नये.

मग कूलर. द्राक्षं निघतात फेब्रुवारी-मार्चात, आणि रस आंबत असताना गार राहायला हवा. घरात कूलर एक. तो काकूंच्या खोलीतून निघाला आणि मागच्या कोठीत, तीन काचेच्या बुधल्यांसमोर लागला. कोपरगावचा मार्च-एप्रिल काय असतो ते ज्याने सोसलाय त्यालाच कळेल. आम्ही दोघी वर-खाली घामाने निथळतोय आणि बुधले वाऱ्याला बसलेत! शेवटी दुपारी मी वह्या तपासायला आणि काकू गवारी मोडायला कोठीतच जाऊन बसायचो. बुधले गुडगुड आवाज करायचे. काकू त्यांना म्हणायच्या, "खा बाबांनो, खा. तुमचंच राज्य हाय."

त्याच सुमारास शेजाऱ्यांपैकी कुणीतरी कळ लावली की केमिस्ट हातभट्टी चालवतोय. एक हवालदार आले. काकांनी त्यांना पोच दाखवली, पाट दिला आणि शिकवायला सुरुवात केली. "हे यीस्ट. याला डोळ्यांनी बघता येत न्हाई. हे साखर खातं. खाल्ल्यावर दोन गोष्टी करतं, एक दारू आणि दुसरा गॅस. तो गॅस ह्यो गुडगुड करतोय. साखर संपली की काय करतं?"

"मरतं," हवालदार म्हणाले.

"तिथंच चुकताय! मरत न्हाई. तळाशी जाऊन उपाशी बसतं. पुन्हा साखर दिसली की उठतं. आता सांगा, कुणासारखं?" आणि काकांनी कारखान्याच्या एका संचालकाचं नाव घेतलं. हवालदारांनी चहा अर्धा टाकून पळ काढला. मी तेव्हा कोठीत वह्या तपासत होते आणि हे सगळं माझ्या कानावर पडलं होतं. पडून काय उपयोग झाला ते पुढे सांगते.

साखर संपली की नाही हे बघायची काकांची रीत होती ती निळ्या औषधाची. काचेच्या नळीत निळं द्रावण घ्यायचं, त्यात तपासायचं ते चार थेंब टाकायचं आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. साखर असेल तर निळ्याचं विटकरी लाल होतं. नसेल तर निळं ते निळंच. म्हाताऱ्या माणसांची लघवी पूर्वी अशीच तपासायचे म्हणे. काका हाताला लागेल ते तपासायचे. शुगर-फ्री म्हणून आणलेली बिस्किटं लाल झाली तेव्हा त्यांनी दुकानदाराला नळी नेऊन दाखवली. दुकानदाराने गल्ल्यावरून हात जोडले, "साहेब, पुड्यावर लिवलंय ते मी न्हाई लिवलं."

एप्रिलमध्ये एका सकाळी काका जिन्याखालून ओरडले, "बाई! निळं!" मी दात घासता घासता खाली पळाले. नळीतलं द्रावण उकळत होतं आणि निळंशार होतं. काकांनी वही काढली, लिहिलं, 'निळं', आणि खाली सही केली. पस्तीस वर्षांत कारखान्यात त्यांची नोंद कधी खोटी निघाली नव्हती. हे ते स्वतः सांगायचे नाहीत. गाव सांगायचं, आणि तेव्हा मात्र कोणी हसायचं नाही.

बाटल्या आणायला ते भंगारवाल्या चाचांकडे गेले. बिअरच्या रिकाम्या, जाड काचेच्या, बारा. चाचा बिचारे गोंधळले. "साहेब, अख्खं गाव मला रिकाम्या बाटल्या आणून देतं, आणि तुम्ही रिकाम्या नेताय? घरी सगळं ठीक आहे ना?" झाकणं बसवायचं यंत्र सोडा-लेमनच्या गाडीवाल्याकडून आठ दिवसांसाठी आणलं, ते आमच्याकडे दोन महिने राहिलं. दांडा दाबायला काकूंइतका जोर कोणाच्याच हातात नव्हता, त्यामुळे झाकणं त्यांनीच लावली. बाटल्या भरल्या, कोठीत ओळीने ठेवल्या, आणि कूलर वाजतगाजत काकूंच्या खोलीत परत आला.

मॅडम जूनच्या मध्यावर येणार होत्या. मेच्या तिसऱ्या आठवड्यात काका नगरला गेले. जिल्ह्याचं नाव बदलल्याला फार दिवस झाले नव्हते आणि काकांच्या डोक्यात त्यावरून एक किडा शिरला होता. "जिल्ह्याचं नाव बदलता येतं, तर बाटलीवरचं का न्हाई?" असा अर्ज घेऊन ते पहाटेच्या एसटीने गेले. अर्ज कुठल्या खिडकीत द्यायचा ते अजून त्यांनाही माहीत नव्हतं.

त्या दिवशी दुपारी काकूंनी मला कोठीत बोलावलं. "बाई, तुला गळ्याची शपत हाय, खरं सांग," म्हणाल्या आणि एका बाटलीचं झाकण काढलं. काकूंनी त्यात बोट बुडवून जिभेला लावलं.

"देवा! चिंच धुतल्यालं पानी हाय ह्ये!"

मी वाटीत ओतून घोटभर घेतली. आयुष्यातली माझी पहिली वाईन. कानशिलं आवळली, एक डोळा आपोआप मिटला. कच्च्या पेरूची साल आणि लिंबाचं पान एकत्र चावल्यासारखं काहीतरी. ते तसंच असायला हवं होतं, पण हे मला कोण सांगणार? मी म्हटलं, "काकू, फारच आंबट आहे हो."

काकू पिंपावर बसल्या. डोळ्यांत पाणी. "ह्यांचं हसं हुईल गं. ती मॅडम येनार, एवढा मोठा निर्णय घ्यायला येनार, आन् तिला आमी ह्ये पाजनार? अगं सुपारी फोडायची असो, पोरगी बघायला येनार असो, पाव्हन्याचं तोंड आधी गोड करत्यात. आंबट पाजून कुनी होकार घेतलाय का आजपतुर?"

आता मला सांगा, यात चूक काय होतं? मला तर सगळं पटलं. नगरची असले तरी मीही याच मातीतली. आमच्या घरी वर्षाचा निकाल लागला की चिमूटभर साखर हातावर ठेवायचे, नापास झालं तरी. काकू ज्या पिंपावर बसल्या होत्या त्यातच सभासदांची साखर होती. "एकच चमचा," त्या म्हणाल्या. "ह्यांना कळायचं न्हाई, पाव्हनीला बरं वाटंल." मी एकेक बाटली उघडली, काकूंनी एकेक चमचा सोडला, मी बाटली घट्ट धरली, काकूंनी झाकण दाबलं. बारा बाटल्या. फेस थोडा आला तो पुसून घेतला. संध्याकाळी काका आले ते खुशीत, अर्जाची पोच घेऊन.

मॅडम आल्या त्या दिवशी काकांनी निवृत्तीच्या कार्यक्रमात घातलेला पांढरा बुशशर्ट घातला. लांब दांड्याचे चार ग्लास आणले होते. एकाचा टवका उडाला होता, तो काकूंनी स्वतःकडे ठेवला, प्यायच्या नव्हत्या तरी. बादलीत बर्फ. बशीत शेव आणि पेरूच्या फोडी. काका उभे राहिले, मॅडमना म्हणाले, "पूर्ण बिनसाखरेची. माझी नोंद हाय," आणि झाकणाला ओपनर लावला.

फस्स!

फेसाचा कारंजा उडाला. अर्धा बुशशर्टवर, थोडा मॅडमच्या कपाळावर, आणि उरलेला फ्रेममधल्या पोचीवर. काका ओपनर हातात धरून तसेच उभे. मॅडमनी ओढणीने कपाळ पुसलं. फार सभ्य मुलगी, हळूच म्हणाल्या, "काका, भरताना थोडी साखर राहिली असेल. होतं असं कधी कधी."

होतं असं कधी कधी! काकांना कुणी चपलेने मारलं असतं तरी इतकं लागलं नसतं.

"न्हाई राहिली," ते म्हणाले. "मी मोजली हुती." आणि दिवा पेटवला, नळी घेतली, त्या फेसाळ वाईनचे चार थेंब टाकले. आम्ही सगळे वाकून बघत होतो. उकळी आली. निळं. निळंच राहिलं.

"आता साखर न्हाई," काका स्वतःशीच बोलत होते. त्यांनी वही उघडली. "भरली तेव्हा न्हाई. आत्ता न्हाई. मग मधल्या मधे गॅस आला कुठून? गॅस साखरेशिवाय येत न्हाई." वहीतल्या आपल्या सहीवर त्यांनी बोट ठेवलं. मग खुर्चीवर बसले, चष्मा काढला आणि म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी लाल हुतं. मी निळं लिहिलं. डोळे गेले माझे. मॅडम, माफ करा, तुमचा वेळ घेतला. वेगळ्या टाकीचं राहू द्या."

मी दारात उभी होते. तळाशी उपाशी बसलेलं यीस्ट, साखर दिसली की उठतं. काका हवालदाराला शिकवत होते तेव्हा हे मी ऐकलं होतं, पण डोक्यात उजेड आत्ता कुठे पडला. तोंड उघडायची मात्र हिंमत होईना. काकूंना यीस्ट-बिस्ट काही कळत नव्हतं. त्यांना फक्त नवऱ्याचा चेहरा दिसत होता. त्या पदर खोचून पुढे झाल्या.

"डोळं न्हाई गेलं तुमचं. साखर मी घातली."

"मी बाटल्या उघडल्या," मी म्हटलं, दारातूनच.

मला वाटलं, आता खोली सोडावी लागणार, आणि सोडावीच. काकांनी चष्मा घातला.

"किती?"

"चमचाच."

"कुठला चमचा?"

काकू आतून चमचा घेऊन आल्या.

"सपाट का शीग लावून?"

"आता पाव्हन्याला कुनी सपाट घालतं का?" काकू चिडल्याच. "शीग लावून!"

काकांनी पिंपातली साखर आणायला लावली, काकूंकडून तस्साच चमचा भरून घेतला, आपल्या लहान तराजूवर तोलला आणि वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. एवढ्या साखरेचा एवढा गॅस, एवढ्या बाटलीत एवढा दाब. पेन्सिल थांबली. काका ताडकन उठले.

"जमलं! बरोब्बर जमलं! माझं निळं निळंच हुतं!" त्यांनी मॅडमशी हात मिळवला, माझ्याशी मिळवला, आणि घाईघाईत काकूंशीही मिळवला. लग्नानंतर पहिल्यांदाच असेल. मग भानावर येऊन काकूंकडे बघत म्हणाले, "कारखान्यात साखर चोरणारे लई बघितले. घालणारी तू पहिलीच."

या सगळ्या गडबडीत मॅडमनी आपला ग्लास दुसऱ्यांदा भरून घेतला होता. त्या हसत होत्या. "काकू, फ्रान्समध्ये लोक मुद्दाम असंच करतात. बाटलीत थोडी साखर घालून बंद करतात, तिचे असे बुडबुडे होतात. फार महाग विकतात ती वाईन."

"व्हय?" काकू म्हणाल्या. "म्हंजी त्यांच्याकडंबी पाव्हन्याला आंबट पाजत न्हाईत."

मॅडमनी आणखी एक घोट तोंडात घोळवला आणि गंभीर झाल्या. बुडबुडे बाजूला ठेवले तर खाली जे आहे ते स्वच्छ आहे, म्हणाल्या. आंबटपणा सरळ आहे, कुठे लपत नाही. "टाकी देते, काका. लहान देते. पण बाटलीवरचं नाव माझ्या हातात नाही. वर विचारावं लागेल."

"वर म्हटलं की अडतंच," काका म्हणाले. पण खुशीत होते.

पुढच्या फेब्रुवारीत द्राक्षांच्या टेम्पोमागून आम्ही तिघं वायनरीत गेलो. दोन मजली उंच स्टीलच्या टाक्या, आणि रांगेच्या शेवटी आमची, माझ्या खांद्याहून थोडी उंच. प्रत्येक टाकीला पाटी लटकवलेली होती. आमच्या पाटीवर कामगाराने घाईत खडूने खरडलं होतं, कोपरगाव. काका त्या पाटीसमोर उभे राहिले. मग खिशातून रुमाल काढून त्यांनी ती पुसली आणि मला म्हणाले, "बाई, तुमच्या अक्षरात लिहा."

मी सुविचार लिहिते तसं ठसठशीत लिहिलं. म्हटलं, "काका, पण हे खडूनं आहे. पुसलं जाईल."

"असू द्या. सातबाऱ्यावरबी तलाठी आधी पेन्सिलीनंच नोंद धरतो. पक्की मागनं हुते." असं म्हणून ते दुसरीकडे बघायला लागले. मी खडू परत द्यायच्या निमित्ताने सरकले. काकू मॅडमना विचारत होत्या, "एवढं मोठं कामकाज, आन् साखर कुठं ठिवता तुमी?"

त्या जूनमध्ये माझी नगरच्या शाळेत बदली झाली. काकांचे फोन येत राहिले. "बाई, तो नवा शुगर-फ्री पेढा. लाल! लबाड हायेत!" एवढं बोलून फोन बंद. मग दिवाळीनंतर एका शनिवारी त्यांच्या नंबरवरून फोन आला आणि पलीकडून काकूंचा आवाज. काकू कधीच फोन करत नाहीत.

"बाई, तू उद्या येशील का?"

"काय झालं काकू? काका बरे आहेत ना?"

"बरे हायेत, पन लई डोकं खात्यात. मोतीबिंदू झालाय, निळं का हिरवं कळंना झालंय. आता नळी मीच बघते. आन् मॅडमनी बाटली पाठवलीय बघ, आपल्या टाकीतली. पुढं नाशिकचं नाव हाय. पन मागं बारीक अक्षरात कोपरगाव लिवलंय. ह्यांना ते दिसंना. मी वाचून दाखवलं, तर म्हनत्यात, तूच घातलंस!"

मागून काकांचा आवाज आला, "तिला म्हणावं, तुमी या आणि वाचा! हिचा भरवसा न्हाई!"

रविवारी सकाळच्या एसटीने मी कोपरगावला गेले. काका ओट्यावर बसून होते, बाटली मांडीवर. मी चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. बाटली घेतली, उजेडात धरली. मागच्या लेबलवर, सगळ्यात खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात छापलं होतं.

"द्राक्षे: कोपरगाव," मी वाचलं.

"शपथ?"

"शपथ, काका. शाईनं छापलंय. खडू नाही, पेन्सिल नाही."

त्यांनी बाटली परत घेतली आणि अंगठा त्या ओळीवरून फिरवला. छापील अक्षर हाताला काय लागणार, पण फिरवत राहिले. काकू दारात उभ्या होत्या. "आता तरी पटलं का?" म्हणाल्या. मग काका उठून आत गेले. बैठकीच्या खोलीत, फ्रेममधल्या पोचीखालच्या फळीवर त्यांनी चाचपडत बाटली ठेवली. पाठ पुढे आणि तोंड भिंतीकडे. नाशिक भिंतीला.

मी काकूंशी बोलत बसले. बऱ्याच वेळाने काका स्वयंपाकघरातून एकच कप घेऊन आले, बशीत निम्मा सांडलेला. त्या घरात काकांनी केलेला चहा मी तीन वर्षांत पाहिला नव्हता. एक घोट घेतला आणि दातांना मुंग्या आल्या. पाक होता नुसता!

"काका, साखर किती घातलीत?"

"दोन," काका म्हणाले. "शीग लावून. आता गपचूप प्या, तोंड गोड करायचं असतं."